मंद चालणारा लॅपटॉप : दोषाचा शोध व उपाय

सातबाराचा उतारा काढणें, पीकविम्याचा किंवा अनुदानाचा अर्ज भरणें, सोसायटीचे हिशेब ठेवणें, बाजारभाव पाहणें, अशीं कितीतरी कामें हल्लीं लॅपटॉपवर करावीं लागतात. नांगर व पाण्याचा पंप यांप्रमाणें तोहि शेतकऱ्याच्या घरांतील एक अवजारच झाला आहे. परंतु चार-पांच वर्षें वापरलेला लॅपटॉप पुष्कळदां इतका मंद होतो कीं, कळ दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत दहा मिनिटें जातात, आंतील पंखा सारखा घोंघावत राहतो, आणि अर्जाची मुदत संपावयास तासभर उरला असतां साधें एक पान उघडत नाहीं. अशा वेळीं मालक एक तर दुसऱ्यानें सांगितलेला कोणताहि उपाय करतो, किंवा यंत्र निकामी झालें असें समजून नवें घेतो. पिकावर रोग दिसतांच हातीं लागेल तें औषध फवारण्यासारखेंच हें आहे. आधीं रोग ओळखावा, मग औषध आणावें, हा जो शेतांतला नियम तोच येथेंहि लागू आहे. विंडोज 10 व विंडोज 11 या प्रणालींवर चालणारे लॅपटॉप मंद कां होतात व तो दोष कोणत्या क्रमानें शोधावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राचे तीन भाग

दोष शोधण्यापूर्वीं यंत्राच्या तीन भागांचें काम समजून घेतलें पाहिजे. पहिला भाग प्रोसेसर. हा सर्व काम करणारा गडी होय. दुसरा भाग रॅम; ही खळ्यासारखी आहे. जें काम चालू असेल तें येथें मांडलेलें असतें, व यंत्र बंद होतांच खळें रिकामें होतें. तिसरा भाग डिस्क. हें कोठार होय. चित्रें, हिशेब, खुद्द विंडोज, सर्व कांहीं येथें कायमचें सांठविलेलें असतें.

खळें लहान व माल फार असला म्हणजे काय होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको. मळणी चालू असतांनाच जागा करण्यासाठीं पेंढ्या पुन्हां गंजीकडे न्याव्या लागतात व लगेच परत आणाव्या लागतात. गडी दमतात आणि मळणी पुढें सरकत नाहीं. लॅपटॉपांतहि रॅम भरत आली म्हणजे विंडोज तींतील कांहीं मजकूर डिस्कवर राखून ठेवलेल्या जागीं हलविते, व गरज लागतांच परत आणते. डिस्क सदैव गुंतलेली दिसते ती पुष्कळदां या ओढाताणीमुळें. दोष दिसतो डिस्कचा, आणि मूळ असतें रॅमच्या अपुरेपणांत.

शंभर टक्के म्हणजे काय

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर उघडतो. यंत्राची नाडी पाहण्याचें साधन तें हेंच. त्यांत प्रोसेसर, मेमरी म्हणजे रॅम, व डिस्क यांच्यापुढें टक्के दिलेले असतात. डिस्कपुढें 100 हा आंकडा पाहून डिस्क भरली असें अनेकांस वाटतें व ते घाईनें जुने फोटो पुसूं लागतात. ही समजूत चुकीची आहे. हा आंकडा डिस्क किती भरली हें सांगत नसून ती किती वेळ कामांत होती हें सांगतो. 500 जीबीच्या डिस्कवर 400 जीबी जागा रिकामी असूनहि तो 100 दिसूं शकतो.

थोड्याशा कामानें डिस्क इतकी कां गुंतते हेंहि पाहूं. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्यें चकती फिरत असते. लॅपटॉपांत तिचा वेग बहुधा मिनिटास 5,400 फेरे, म्हणजे सेकंदास 90 फेरे असतो. वाचणारी दांडी योग्य जागीं सरकणें व चकतीचा हवा तो भाग तिच्याखालीं येणें, यांत दर खेपेस थोडा वेळ जातोच. त्यामुळें ठिकठिकाणीं विखुरलेले लहान तुकडे वाचावयाचे असल्यास ही डिस्क सेकंदाला शंभराहूनहि कमी तुकडे वाचते. सलग मजकूर मात्र तीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचूं शकते. लांब तासांत नांगर सरळ चालतो व काम उरकतें. तेंच क्षेत्र आखूड तुकड्यांचें असलें कीं बैलांचा अर्धा वेळ वळण्यांत जातो, त्यांतलाच हा प्रकार. एसएसडी नांवाच्या नव्या डिस्कमध्यें फिरणारा भागच नसतो. म्हणून ती असे लहान तुकडे सेकंदाला हजारोंनीं वाचते.

प्रथम पाहणी

पाहणीपूर्वीं यंत्र एकदां ‘रिस्टार्ट’ करावें. नुसतें ‘शटडाऊन’ पुरत नाहीं. 2012 सालच्या विंडोज 8 पासून अशी सोय आहे कीं, शटडाऊन केल्यावरहि विंडोज आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर जपून ठेवते व पुढच्या खेपेस तीच उचलते. त्यामुळें सांचलेला घोटाळा तसाच पुढें चालूं शकतो. रिस्टार्ट केल्यानें प्रारंभ नव्यानें होतो, आणि कित्येक यंत्रें एवढ्यानेंच सुधारतात.

त्यानंतर पंधरा मिनिटें कांहींहि न उघडतां यंत्र तसेंच राहूं द्यावें. कारण प्रारंभींची धांवपळ हा दोष नव्हे. मग टास्क मॅनेजरमध्यें ‘डिस्क’ या शब्दावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत जास्त काम करणारा प्रोग्रॅम वर येतो. प्रोसेसर व मेमरी यांच्याबाबतहि तसेंच करावें. जीं नांवें वर दिसतील तीं कागदावर लिहून ठेवावीं. ‘डिटेल्स’ या पानावर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ यापुढें 95 असा आंकडा दिसल्यास घाबरूं नये. तो प्रोग्रॅम नव्हे; प्रोसेसरचा तेवढा वेळ रिकामा आहे एवढाच त्याचा अर्थ.

वर येणारीं नांवें

‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ हें नांव विंडोजची सुधारणा बसविली जात असल्याचें दर्शवितें. जो लॅपटॉप महिन्यांतून एकदांच उघडला जातो त्यांत सर्व थकलेलें काम त्याच दिवशीं सुरू होतें. यावर उपाय एकच : यंत्र चार्जरला व इंटरनेटला जोडून एक रात्र चालू ठेवावें, व त्या वेळांत तें आपोआप झोपीं जाणार नाहीं अशी सोय करावी. अर्ज भरावयाचा असल्यास हें काम आदल्या आठवड्यांतच उरकून घ्यावें.

‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हा विंडोजचा स्वतःचा राखणदार होय. त्याची तपासणी चालू असतां डिस्क व प्रोसेसर दोन्ही गुंततात. परंतु ती संपूं द्यावी, राखणदारास काढून टाकूं नये. मात्र दोन निरनिराळ्या कंपन्यांचे अँटिव्हायरस एकाच यंत्रावर ठेवूं नयेत. एकच फाइल दोघेहि तपासूं लागतात.

‘सिसमेन’ ही सेवा पूर्वीं ‘सुपरफेच’ या नांवानें ओळखली जात असे. आपण कोणते प्रोग्रॅम वरचेवर वापरतां हें पाहून ते आधींच रॅममध्यें आणून ठेवणें हें तिचें काम. एरवीं ती उपयुक्त आहे. परंतु जुनी हार्ड डिस्क व थोडी रॅम असल्यास कधीं कधीं तीच भार होते. हें नांव सतत वर दिसत असल्यास ‘सर्व्हिसेस’मध्यें जाऊन ती दोन दिवस बंद करावी, फरक न पडल्यास पूर्ववत् सुरू करावी. फाइलींची सूचि करणाऱ्या ‘सर्च इंडेक्सर’विषयीं असें कीं, तो नव्या फाइली पुष्कळ आल्या म्हणजे कांहीं तास गुंततो व नंतर आपोआप शांत होतो.

ब्राउझर वर आल्यास किती पानें उघडीं आहेत तें मोजावें. प्रत्येक पान खळ्यावर आपली जागा अडवितें. वीस पानें उघडीं ठेवून 4 जीबी रॅमचें यंत्र मंद आहे अशी तक्रार करणें योग्य नव्हे.

अनोळखी नांव प्रोसेसर सतत खात असेल, तर मात्र सावध व्हावें. चोरीचे प्रोग्रॅम किंवा परवाना चुकविण्याचीं साधनें यांबरोबर परक्याच्या फायद्यासाठीं आपला प्रोसेसर राबविणारे प्रोग्रॅम पुष्कळदां आंत शिरतात. अशा वेळीं विंडोज सिक्युरिटीमधून पूर्ण तपासणी करावी.

बिनबोलाविलेले पाहुणे

टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’च्या पानावर, यंत्र सुरू होतांच आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. प्रिंटरचे, जुन्या मोबाइलचे, बैठकी भरविण्याचे असे अनेक प्रोग्रॅम तेथें बसलेले असतात. ज्यांची रोज गरज नाहीं ते ‘डिसेबल’ करावे. यामुळें प्रोग्रॅम नाहींसा होत नाहीं. तो बोलाविल्यावरच येतो. या उपायास पैसा लागत नाहीं व धोकाहि नाहीं.

उष्णता व धूळ

प्रोसेसर फार तापला म्हणजे स्वतःचें रक्षण करण्यासाठीं तो आपला वेग आपणच कमी करतो. खेड्यांत धूळ व कडबाकुट्टीचा भुसा पंख्यांत जाऊन बसतो; शिवाय लॅपटॉप गादीवर ठेवल्यास खालचीं छिद्रें बंद होतात. थंड असतां ठीक चालणारें यंत्र अर्ध्या तासानें मंद होत असेल तर हाच संशय घ्यावा. यंत्र टणक व सपाट जागीं ठेवावें, व जाणत्याकडून पंखा स्वच्छ करून घ्यावा.

डिस्कच बिघडली असल्यास

कोणताहि प्रोग्रॅम विशेष काम करीत नसतां, वाचण्या-लिहिण्याचा वेग जवळजवळ शून्य असतां, डिस्क 100 टक्केच दाखवीत असेल. किंवा तिच्यांतून टकटक असा आवाज येत असेल, फाइली उघडतांना चुका होत असतील, तर डिस्क अखेरीस आली असण्याचा संभव आहे. अशा स्थितींत इतर सर्व उपाय बाजूस ठेवून पहिलें काम करावें तें सोसायटीचे हिशेब, दस्तऐवजांच्या प्रती, घरचे फोटो हें सर्व दुसऱ्या डिस्कवर उतरून घेण्याचें. दुरुस्तीचे लांबलचक प्रयोग आधीं केल्यास मरणोन्मुख डिस्कवर भार पडतो, आणि यंत्रापेक्षां मोलाचा मजकूर जातो. लॅपटॉप बाजारांत मिळतो. दहा वर्षांचे हिशेब मिळत नाहींत.

खर्च केव्हां करावा

वरील उपायांनंतरहि मंदपणा राहिल्यास टास्क मॅनेजरमधील ‘परफॉर्मन्स’चें पान पाहावें. डिस्कपुढें ‘एचडीडी’ असें लिहिलेलें असल्यास ती काढून एसएसडी बसविणें हा सर्वांत गुणकारी उपाय होय. एकट्या ब्राउझरच्या दोन-तीन पानांनीं मेमरीचा आंकडा 85-90 टक्क्यांवर जात असेल तर रॅम 4 जीबीवरून 8 जीबी करावी. मात्र कांहीं लॅपटॉपांत रॅम पक्की जोडलेली असते व ती वाढवितां येत नाहीं. ही चौकशी आधीं करावी. तसेंच, विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमींचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपला आहे. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाहींत. म्हणून खर्चापूर्वीं आपलें यंत्र त्या अटींत बसतें कीं नाहीं हें मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या प्रोग्रॅमनें पाहून घ्यावें.

एक इशारा द्यावासा वाटतो. ‘यंत्र दहापट जलद करूं’ अशा जाहिराती देणारे प्रोग्रॅम घेऊं नयेत. ते स्वतःच स्टार्टअपमध्यें जाऊन बसतात. पडद्यावर अचानक दूरध्वनीचा क्रमांक झळकल्यास त्यावर फोन करूं नये, व फोनवरून सांगणाऱ्याच्या हातीं यंत्राचा ताबा देऊं नये. त्याच यंत्रावर आपलें बँकेचें खातें उघडलें जातें, याचा विसर पडूं नये.

सारांश, क्रम असा ठेवावा : रिस्टार्ट, पंधरा मिनिटें थांबून पाहणी, नांवें लिहिणें, स्टार्टअपची छाटणी, पंख्याची सफाई, आणि सर्वांत शेवटीं खर्च. डिस्कविषयीं संशय आला तर मात्र या सर्वांआधीं मजकुराची प्रत करावी. ही पाहणी पेरणीच्या किंवा अर्जाच्या गर्दींत न करतां सवडीच्या दिवशीं एकदां करावी व आढळलेलीं नांवें वहींत टिपून ठेवावीं. पुढें दुकानदाराकडे जाण्याचा प्रसंग आलाच, तर ती वही बरोबर न्यावी. म्हणजे ‘सर्व बदलावें लागेल’ असें सांगणाऱ्यास काय विचारावें हें आपणांस ठाऊक असेल.