मण्यार की कवड्या?

पावसाळ्यात घरात आडव्या पट्ट्यांचा साप निघाला की, बहुधा तो मण्यार समजून मारला जातो. पुष्कळदा तो बिनविषारी कवड्या असतो. ही चूक सापाच्या जिवावर बेतते. मण्यारीला कवड्या समजण्याची चूक माणसाच्या जिवावर. म्हणून गावातील जबाबदार मंडळींना या दोहोंतील भेद ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मण्यार निळसर काळी व चकचकीत असते. तिचे पांढरे पट्टे अरुंद असून बहुधा जोडीजोडीने येतात. मानेमागे ते पुसट असतात किंवा नसतातच. शेपटीकडे मात्र ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलट आहे. अंग तपकिरी, पट्टे पिवळसर पांढरे, पहिला पट्टा मानेवरच आणि शेपटीकडे ते विरत गेलेले. तथापि या खुणेवर फार विसंबू नये. मण्यारीच्या पिलांना मानेजवळही पांढऱ्या खुणा असतात. कवड्याच्या कुळात एक काळसर जातही आहे. विजेरीच्या उजेडात जाणकारही फसतो. कवड्या पालींच्या मागे भिंतीवर चढतो, मण्यार बहुधा जमिनीवर आढळते. पण 'बहुधा' या शब्दावर कोणी हात पुढे करू नये.

खात्रीची खूण खवल्यांत आहे. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर षट्कोनी, इतरांहून मोठ्या खवल्यांची एक ओळ असते. कवड्याच्या पाठीवर तशी ओळ नसते. शेपटीखालचे खवले मण्यारीत एकेरी, तर कवड्यात दुहेरी असतात. जिवंत सापाजवळ जाऊन हे पाहणे अर्थातच वेडेपणाचे होय. त्यासाठी टाकलेली कात उपयोगी पडते. कातीवर रंग राहत नाही, खवल्यांची रचना मात्र राहते. शिक्षकांनी ती काळ्या कागदावर पसरून भिंगातून मुलांना दाखवावी.

दंशाच्या बाबतीत तर निसर्गाने माणसाची थट्टाच केली आहे. कवड्याचे पुढचे दात लांब असतात. तो चिडून चावतो, रक्त येते, घर हादरते. मांत्रिकाकडे नेलेला हा रुग्ण बरा होतो आणि श्रेय मंत्राला मिळते! मण्यार मात्र रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना नाही, सूज नाही, कित्येकदा दातांची खूणही दिसत नाही. मुंगी चावली असेल, असे समजून माणूस पुन्हा झोपतो. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास अडतो.

अशी लक्षणे दिसताच, साप दिसला नसला तरी, रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. चिरा देणे, आवळून दोरी बांधणे टाळावे; दंशाचा अवयव हलू देऊ नये. साप मारून सोबत नेण्याचेही कारण नाही. सर्पविषावरील प्रचलित लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारींच्या विषावर चालते. मण्यारीच्या दंशात मात्र ती लवकर मिळावी लागते. नसांची हानी एकदा झाली की लसीने ती लगेच भरून निघत नाही आणि रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. ही सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत रात्री कोणाचे वाहन मिळेल, हे ग्रामपंचायतीने जूनपूर्वीच फलकावर लिहून ठेवावे. जमिनीवर निजणाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.