गोधडीवर नांव कोणाचें?

जरीची पैठणी संग्रहालयांत कांचेमागें जपली जाते. परंतु जी गोधडी पांघरून घरांतील दोन-तीन पिढ्या वाढल्या, ती फाटली म्हणजे तिचें पोतेरें होतें, नाहीं तर ती बोहारणीच्या पाटींत जाते. पैठणीचें मोल तिच्या रेशमावरून व जरीवरून करतां येतें. गोधडींत मोलाचें कापड नसतेंच. तिचें मोल शिवणाऱ्या स्त्रीच्या श्रमांत व तिच्या दृष्टींत असतें. आणि त्या स्त्रीचें नांव मात्र कोठेंच लिहिलेलें आढळत नाहीं.

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहेत. एकीकडे माहुलीचा किल्ला, दुसरीकडे माळशेजचा घाट, आणि मधल्या मुलखांत भाताचीं खाचरें व लहान लहान वाड्या-पाडे. मुंबईची तहान भागविणारीं तानसा आणि भातसा हीं धरणें शहापूरच्याच परिसरांत आहेत. तरीहि येथील कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं दूरवर पायपीट करावी लागते. लावणी, कापणी, पाणी व सरपण यांतून जो वेळ उरेल, तोच गोधडीचा वेळ.

गोधडी शिवण्याची रीत वरकरणी सोपी दिसते, परंतु ती अनुभवानें सिद्ध झालेली आहे. पुष्कळदां धुतल्यानें मऊ झालेलें लुगडें प्रथम खालीं अंथरतात. त्यावर विटलेलीं धोतरें, मुलांचे सदरे, परकरांचे तुकडे यांचे थर देतात, आणि वर त्यांतल्या त्यांत धड असलेलें कापड घालतात. थर सरकूं नयेत म्हणून ते लांब टांक्यांनीं टाचून घ्यावयाचे. मग कडेपासून आंत, चौकोनांत चौकोन, असा धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचें. हे टांके केवळ शोभेचे नव्हेत. ते दाट असल्यामुळेंच आंतील चिंध्या एके ठिकाणीं गोळा होत नाहींत. आणि थराथरांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. मात्र कोणतें ठिगळ कोठें बसवावें, तांबड्याशेजारीं हिरवें कीं पिवळें, हें तिला कोणी सांगत नाहीं. घरचें माणूस ती गोधडी वाचूं शकतें: हें आजीचें लुगडें, हा थोरल्याचा पहिला सदरा.

असें काम कलादालनांत मांडल्याचें उदाहरण अमेरिकेंत आहे. अलाबामा राज्यांतील जीज बेंड या खेड्यांत गुलामांच्या वंशांतील कृष्णवर्णीय स्त्रिया जुन्या विजारींच्या व सदऱ्यांच्या गोधड्या शिवीत. २००२ सालीं ह्यूस्टन येथें, आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत, त्या शिवणाऱ्यांच्या नांवांनिशीं भिंतीवर झळकल्या. २००६ सालीं त्यांचीं टपाल-तिकिटें निघालीं. परंतु २००७ सालीं त्यांपैकीं कांहीं स्त्रियांना मोबदल्यासाठीं न्यायालयांत जावें लागलें. मान मिळाला म्हणजे न्यायहि मिळाला असें होत नाहीं.

इतकें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. डहाणू-तलासरीचा जो भाग २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत गेला, तेथें वारली लग्नघरच्या भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. १९७० नंतर ती कला कागदावर उतरली व जगभर गेली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंती सजविणाऱ्या सवाशिणींपैकीं फारच थोड्यांचीं नांवें बाहेर ठाऊक आहेत.

शहापूर-मुरबाडच्या गोधडीचें असें होऊं नये, तर प्रदर्शन भरविणाऱ्यांनीं थोडें पथ्य पाळलें पाहिजे. गोधडी खिळ्यांनीं ठोकूं नये. सारा भार त्या दोन ठिकाणीं येऊन जीर्ण कापड फाटतें. पाठीमागें वरच्या कडेस कापडी नेफा शिवून त्यांतून काठी घालावी, व फार जीर्ण असेल ती आडवीच पसरावी. कडक उन्हापासून ती दूर ठेवावी, कारण उन्हानें रंग उडतात. पाठीची बाजूहि पाहतां येईल अशी सोय असावी. टांक्यांची खरी ओळख तेथेंच पटते. शेजारीं शिवणारीचें नांव, गांव, आणि ती कोणासाठीं शिवली हें तिच्या संमतीनें लिहावें. विक्री झाली तर पैसा तिच्या हातीं पडावा. आणि पहिलें प्रदर्शन मुंबईस नव्हे, तिच्याच गांवच्या शाळेंत भरावें, म्हणजे आपलें काम भिंतीवर कसें दिसतें हें तिला सर्वांआधीं पाहतां येईल.

श्रोत्यांपैकींहि पुष्कळांच्या घरीं माळ्यावर एखादी जुनी गोधडी असेल. ती टाकून देण्यापूर्वीं, जिनें ती शिवली तिचें नांव कापडाच्या पट्टीवर लिहून पाठीमागें टाचून ठेवावें. तें नांव सांगणारें माणूस आज घरांत आहे. उद्यां असेलच असें नाहीं.