ठेवायचं कोणाला? पुणेरी पलटण, तरुण बचावपटू आणि चाहत्यांचा वाद

टेंभुर्णी म्हटलं की बहुतेकांना सोलापूरकडचं, माढा तालुक्यातलं गाव आठवतं. आमचं टेंभुर्णी जालना जिल्ह्यातलं, जाफराबाद तालुक्यातलं. इथं प्रो कबड्डीचा हंगाम सुरू झाला की चहाच्या टपरीवर आणि केस कापायच्या दुकानात एक वाद ठरलेला असतो: पुणेरी पलटणनं कोणाला ठेवायला हवं होतं आणि कोणाला सोडायला नको होतं? पुणं आमच्यापासून लांब. पण या वादात पलटण ‘आपली’ असते. “शादलूला सोडलं अन् तिथंच वाट लागली,” असं एक जण म्हणतो. “अन् मग पोरांनी खेळायचं कधी?” असं दुसरा विचारतो. गेली काही वर्षं मी हे सामने वही घेऊन पाहतो आहे. या वादात दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट सुटते, असं माझं मत झालं आहे. ती इथं मांडतो.

आधी घटनाक्रम पाहू. नवव्या हंगामात पलटणचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली, त्या लिलावात १ कोटी ३८ लाखांना घेतलेला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूरनं अंतिम सामन्यात पलटणला ३३-२९ असं हरवलं. पुढच्या लिलावाआधी पलटणनं फझलला सोडलं आणि कर्णधारपद अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तरुण असलम इनामदारकडे दिलं. डाव्या कोपऱ्यासाठी मात्र दुसरा इराणी बचावपटू, मोहम्मदरेझा शादलू, २ कोटी ३५ लाखांना घेतला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पलटण पहिल्यांदा विजेती ठरली. पुढच्या लिलावाआधी शादलूलाही सोडलं. हरियाणानं त्याला २ कोटी ७ लाखांना घेतलं. २९ डिसेंबर २०२४ रोजी, तेही पुण्यातच बालेवाडीला, पाटण्याला ३२-२३ असं हरवून हरियाणा विजेती झाली. पलटण त्या हंगामात बाद फेरीतही नव्हती. टपरीवरचा वाद इथून पेटला.

तो समजून घ्यायचा तर मैदानावरची मांडणी लक्षात घ्यावी लागते. सात जणांच्या फळीत दोन टोकांना कोपरारक्षक असतात. चढाईपटूचा घोटा किंवा मांडी धरणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांच्या आतल्या बाजूला मध्यरक्षक, ज्यांना खेडोपाडी सगळे ‘कव्हर’च म्हणतात. कोपऱ्यानं घोटा धरला की कव्हरनं धडक देऊन किंवा साखळी करून चढाईपटूला मध्यरेषेपासून तोडायचं असतं. पकड बहुधा दोघांची असते, पण गुण लागतो एकाच्या नावावर. शिवाय कव्हरचं अर्धं काम पकडीचं नसतंच. योग्य अंतर राखून, झेप न घेता उभं राहायचं आणि चढाईपटूचे तीस सेकंद रिकामे घालवायचे, हे त्याचं खरं काम. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते. तिथं गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. म्हणजे तिसऱ्या चढाईत मिळालेल्या गुणाचं बी पहिल्या दोन चढायांत, कव्हर नुसता उभा असताना पेरलेलं असतं. गुणफलकावर त्याची नोंद कुठंच नसते.

चूक मात्र लगेच नोंदली जाते. नवख्या कव्हरनं घाईनं झेप घेतली की तो बाद होतोच. साखळीत हात गुंतलेले असले तर शेजारच्यालाही घेऊन बाद होतो. चढाईपटूचं तसं नसतं. तो पकडला गेला तर एक गुण जातो, आणि पुन्हा आत आला की पुढच्या चढाईत तो भरूनही काढता येतो. म्हणून तरुण चढाईपटू एका महिन्यात ‘स्टार’ होतो आणि तरुण बचावपटू एका सामन्यात ‘कच्चा’ ठरतो. बचाव ही जोडीनं शिकायची विद्या आहे. शेजारच्याचा पाय कधी निघेल, हे दोनेक हंगाम त्याच्याच शेजारी उभं राहिल्याशिवाय अंगात मुरत नाही. पलटणचा उजवा कोपरा गौरव खत्री आणि उजवा कव्हर अबिनेश नादराजन यांच्याकडे पाहताना मला हे सतत जाणवलं आहे. चाहत्यांना दिसते ती झेप. तिच्यामागचं मुरणं दिसत नाही.

आता पैशाचा हिशेब. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटींची मर्यादा आहे. त्यातले २ कोटी ३५ लाख म्हणजे ४७ टक्के एका माणसावर गेले. मग बाकीचा संघ कसा उभा राहिला? कारण असलम, मोहित गोयत, अबिनेश, गौरव यांच्यासारखी पोरं संघानं आधीच घडवून हाताशी ठेवली होती. उघड्या लिलावात उतरली असती तर त्यांना काय भाव आला असता, याचा अंदाज बांधणं कठीण नाही. म्हणजे शादलूचा भाव तरुणांच्या स्वस्ताईतून उभा राहिला होता. ‘तारा हवा’ म्हणणारे आणि ‘पोरं हवीत’ म्हणणारे एकमेकांना विरोधी समजतात. हिशेबात मात्र पहिल्याची हौस दुसऱ्याच्या सबुरीवर भागलेली असते.

मग शादलूला सोडणं चूक होती का? हरियाणाकडे नीट पाहू. हैदराबादला पलटणकडून हरल्यावर हरियाणानं संघ मोडला नाही. कर्णधार जयदीप दहिया, कोपरारक्षक राहुल सेठपाल आणि प्रशिक्षक मनप्रीतसिंग हे सगळे कायम राहिले. हरलेली फळी तशीच जपून तिच्यातली एक जागा शादलूनं भरली. पुढच्या म्हणजे बाराव्या हंगामात हाच शादलू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला, आणि गुजरात पहिल्या आठांतही आलं नाही. उलट शादलूशिवायची पलटण, असलम, पंकज मोहिते, अबिनेश, गौरव ही जुनीच नावं घेऊन, अजय ठाकूरच्या हाताखाली पुन्हा अंतिम सामन्यात पोचली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीला दबंग दिल्लीकडून ती ३१-२८ अशी, अवघ्या तीन गुणांनी हरली.

तीन हंगामांवरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. अकराव्या हंगामात असलमला दुखापत झाली होती; पलटणच्या घसरणीचं सगळं खापर शादलूच्या जाण्यावर फोडता येत नाही, तसं ते तरुणांच्या कच्चेपणावरही फोडता येत नाही. पण एवढं म्हणता येतं की, मुरलेल्या फळीत तारा चमकतो; न मुरलेल्या फळीला तो एकटा तारत नाही. म्हणून ‘कोणाला घ्यायचं’ यापेक्षा ‘कोणाला किती दिवस एकत्र ठेवायचं’ हा प्रश्न मोठा आहे. टपरीवर तो कोणी विचारत नाही.

आणि मीही तो वेळेवर विचारला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका स्पर्धेसाठी गावाचा संघ निवडायला बसलेल्या चार जणांत मी होतो. कव्हरला एक सतरा वर्षांचा पोरगा होता. पहाटे भरतीसाठी पळायचा, दिवसा शेतात राबायचा, संध्याकाळी मैदानावर यायचा. पहिल्याच सामन्यात त्यानं दोनदा घाई केली आणि चार गुण गेले. पुढच्या सामन्याला पैसे देऊन बाहेरचा खेळाडू आणायचं ठरलं. माझाही हात वर होता. “काका, मी चुकलो, पण मला कळलं होतं कुठं चुकलो ते,” एवढंच तो नंतर मला म्हणाला. पुढं तो मैदानावर आला नाही. बाहेरचा खेळाडू एक सामना जिंकून देऊन गेला, आणि त्या कव्हरच्या जागेला आमच्याकडे पुढची दोन वर्षं माणूस नव्हता. त्या रात्रीची वही मी आजही काढून पाहतो. चार गेलेले गुण तिच्यात आहेत. त्याच सामन्यात तो नुसता उभा राहिल्यानं समोरच्यांच्या किती चढाया रिकाम्या गेल्या, ते मी लिहिलेलंच नाही.

जुन्या कबड्डीचे तीन प्रकार जाणत्यांना ठाऊक आहेत. अमरमध्ये बाद झालेला खेळाडू मैदानातच राहायचा. गामिनीत एकदा बाद झालेला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी परत यायचा. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. बाद झालेल्याला परत आणायचं, हा खेळाचाच नियम आहे. संघ निवडताना मात्र आपण अजून गामिनी खेळतो.

यंदा टपरीवर वाद सुरू झाला की मी एक काम करणार आहे. वहीत एक जादा रकाना आखणार आहे: कव्हरनं झेप न घेता रिकामी घालवलेली चढाई. हंगाम संपल्यावर तो रकाना वाचून दाखवीन. मग कोणाला सोडायचं, ते बोलू.