हेडफोन घेण्याआधी कान दाखवा

रक्तदाब तपासून झाला, महिन्याच्या गोळ्या लिहून झाल्या, की उठता उठता सोबत आलेला मुलगा विचारतो, "डॉक्टर, दादांसाठी चांगले हेडफोन घ्यावेत म्हणतो. टीव्ही फार मोठ्याने लावतात, पोरांचा अभ्यास होत नाही. कोणते घेऊ?" अलीकडे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. प्रश्न बाजारातील वस्तूचा असला, तरी त्याच्या उत्तराचा निम्मा भाग वैद्यकीय आहे.

घरातील टीव्हीचा आवाज वर्षागणिक वाढत जाणे, हे उतारवयातील बहिरेपणाचे बहुधा पहिले लक्षण असते. ते इतरांना त्रास देते, म्हणूनच लक्षात येते. हेडफोन आले की बैठकीची खोली शांत होते, कोणाची तक्रार उरत नाही. आणि तक्रारीबरोबर लक्षणही दिसेनासे होते. त्यानंतर हेडफोनच्या आत आवाज किती वाढला, हे घरच्यांना कळत नाही. ज्याच्या कानावर ते आहेत त्यालाही कळत नाही, कारण ऐकू येणे फार सावकाश कमी होत जाते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता किंवा कमी करता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आहे. तेव्हा हेडफोन अवश्य घ्यावेत, मीही सुचवतो. परंतु कान दाखवून मग घ्यावेत.

सोलापुरात तर हे अधिकच आवश्यक आहे. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे बंद होऊन वर्षे लोटली. पण त्या साच्यांवर उभी राहिलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. शहराच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग तर अजूनही चालू आहेत. मागाच्या शेडमधील आवाज ९० डेसिबलच्या घरात किंवा त्याहून वर असतो. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कमाल मर्यादा मानली जाते, यावरून कल्पना यावी. अशा आवाजात २५-३० वर्षे काढली, की अंतर्कर्णातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ही झीज प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक, उंच स्वरांच्या पट्ट्यात होते. वय वाढताना होणारी झीजही वरच्याच पट्ट्यातून सुरू होते. मागावर काम केलेल्या माणसाच्या कानावर अशी दुहेरी झीज येते.

याचा परिणाम चमत्कारिक असतो. आवाज येतो, शब्द कळत नाही. डग्गा ऐकू येतो, हार्मोनियम ऐकू येते, परंतु 'स', 'श', 'च', 'त' यांसारखी व्यंजने वरच्या पट्ट्यात असल्याने पुसली जातात. दुकानदार 'साठ' म्हणतो आणि आजोबांना 'आठ' ऐकू येते. मग घरचे म्हणतात, "यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते!" हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. पुरुषाचा जाड आवाज कळतो आणि नातीचा बारीक आवाज कळत नाही, यात मतलब नसून झीज आहे.

आता खरेदीकडे वळू. बाजारात स्वस्त व मध्यम किमतीच्या हेडफोनची जाहिरात प्रामुख्याने एका गोष्टीवर चालते: जादा बेस. तरुणांना छातीत घुमणारा ठेका आवडतो, त्यांच्यासाठी ते ठीक. वयस्कर कानासाठी हाच गुण अवगुण ठरतो. जाड, खालच्या पट्ट्यातील आवाज जोरात असला की तो वरच्या पट्ट्यातील नाजूक आवाज झाकून टाकतो. आधीच अंधुक झालेले शब्द त्याखाली बुडतात, मग ऐकणारा आवाज आणखी वाढवतो, ठेका आणखी वाढतो, आणि एका टप्प्यावर कान दुखू लागतो. शब्द मात्र कळत नाही तो नाहीच. झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज एकाएकी असह्य होतो, हेही लक्षात असावे. म्हणून ज्यात मानवी कंठ सुस्पष्ट येतो, असे हेडफोन निवडावेत. 'बेस'चे गुणगान ज्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत आहे, ते खोके खाली ठेवलेले बरे.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो: २० ते २०,००० हर्ट्झ, किंवा त्याहून महागड्या वस्तूवर ४०,००० हर्ट्झपर्यंत. साठी ओलांडलेल्या बहुतेकांना दहा-बारा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे अंधाऱ्या खोलीसाठी रंगीत पडदे घेणे होय.

आपण ऐकता काय, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सुधीर फडके व ग. दि. माडगूळकर यांचे 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाले. त्या काळचे ध्वनिमुद्रण एकपदरी असे. उजव्या-डाव्या कानाला वेगळे वाद्य ऐकवण्याची सोय नंतरची. बालगंधर्वांच्या तबकड्यांत तर मुळातच वरचे आणि खालचे पट्टे फारसे उतरलेले नाहीत. नाट्यसंगीत, जुनी भावगीते आणि आकाशवाणीवरील कीर्तन ही ज्यांची आवड, त्यांना तीस हजारांच्या हेडफोनमधून अधिक काय मिळणार? तबकडीची खरखर तेवढी अधिक स्पष्ट ऐकू येईल. उलट ज्यांना भीमसेनजींच्या अलीकडच्या काळातील मैफलींची मुद्रणे, तानपुऱ्याची आस आणि तबल्याच्या चाटेचा नाद यांसह ऐकायची आहेत आणि ज्यांचे कान अद्याप बरे आहेत, त्यांनी थोडा अधिक खर्च करण्यात अर्थ आहे. आपल्या शहरात मराठी अभंगांबरोबर कन्नड वचने आणि तेलुगू भक्तिगीतेही तितक्याच प्रेमाने ऐकली जातात. या साऱ्यांत शब्दाला महत्त्व आहे, म्हणून निकष एकच: शब्द स्वच्छ यावा.

तो येतो का, हे पाहताना मात्र ओळखीचे गाणे लावू नका. पाठ असलेल्या अभंगातील गाळलेले शब्द आपली स्मृतीच भरून काढते आणि सारे ऐकू आल्याचा भास होतो. दुकानात फोनवर बातम्या लावा, मध्यम आवाजात, आणि वृद्ध व्यक्तीला वाक्य जसेच्या तसे म्हणायला सांगा. आवडीचे गाणे त्यानंतर लावा आणि दहा-पंधरा मिनिटे हेडफोन कानावर राहू द्या. चष्म्याची दांडी टोचते का, मान अवघडते का, कान घामेजतो का, हे तेवढ्या वेळातच कळते. मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी पाव किलोहून जड हेडफोन घेऊ नयेत.

किमतींविषयी थोडक्यात सांगतो. वायरचे बरे इयरफोन साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतात. कान पूर्ण झाकणारे, मऊ गादीचे, वायरचे हेडफोन १५०० ते ३००० रुपयांत. माझ्या मते बहुसंख्य वाचकांची गरज येथेच भागते. चार्जिंगची कटकट नाही, जोडणी तुटण्याची भीती नाही. फक्त आपल्या फोनला गोल पिन बसते का हे आधी पाहावे; नव्या अनेक फोनना ते छिद्रच नसते. टीव्हीसाठी लांब वायर सोडू नये. रात्री उठताना पाय अडकून खुब्याचे हाड मोडले, तर हेडफोन फार महागात पडतात. टीव्हीपुरते बिनवायरीचेच घ्यावेत, पण ओठ आणि आवाज यांचा मेळ बसतो का ते पाहून. कमी ऐकणारी माणसे नकळत ओठ वाचत असतात, त्यांना हा विलंब फार जाचतो. कानात बसणाऱ्या सुट्या, चिमुकल्या कळ्या थरथरत्या हातांसाठी नाहीत. त्या पलंगाखाली हरवतात आणि त्यांवरील स्पर्शाच्या खाणाखुणा कोणालाच आठवत नाहीत.

बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन चार-पाच हजारांपासून पुढे मिळतात. ती चैन असे मी पूर्वी म्हणत असे, आता म्हणत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात एप्रिल-मेमध्ये कूलर दिवसरात्र घोंघावत असतो, आणि हे तंत्र पंखा, कूलर, एसटीचे इंजिन अशा एकसुरी, सलग आवाजावरच उत्तम चालते. घोंघाट कमी झाला की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही. कानाचा लाभ तो हाच. मात्र घरात एकटे असताना किंवा रस्त्याने चालताना ते वापरू नयेत. दाराची घंटा, कुकरची शिट्टी आणि मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे.

आवाज किती असावा? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुभा चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटांवर. अनेक फोनचा पूर्ण आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. म्हणून फोनवरील पट्टी साठ टक्क्यांच्या आत ठेवावी. साठ टक्क्यांवर शब्द कळत नसतील, तर दोष हेडफोनचा नसून कानाचा आहे असे समजावे आणि तपासणी करून घ्यावी. काळजी घेणाऱ्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची मर्यादा बांधून द्यावी. तेथेच 'मोनो' नावाची सोय सापडेल. ज्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा बराच मंद आहे, त्यांच्यासाठी ती सुरू करावी. दोन्ही बाजूंचे वाद्य व गायन मग चांगल्या कानालाही पूर्ण ऐकू येते. यास एक रुपयाही लागत नाही आणि ही सोय फार थोड्यांना ठाऊक असते.

काही रुग्णांसाठी खास सावधगिरी आहे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी हेडफोन गळ्यात लटकत ठेवू नयेत आणि शर्टाच्या वरच्या खिशातही ठेवू नयेत. हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो. तो पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर दूर असावा. गळ्यात घालायच्या नेकबँडच्या बोंडांत चिकटण्यासाठी वेगळे चुंबक असतात आणि ती नेमकी छातीवर रुळतात, म्हणून या रुग्णांनी नेकबँड घेऊच नये. कानातून पाणी किंवा पू येत असेल, तर कानात बसणारी बोंडे पूर्ण वर्ज्य. ती मळ आत ढकलतात आणि ओल कोंडून बुरशी वाढवतात. मधुमेही वृद्धाच्या कानात रात्री झोपमोड करणारी वेदना व स्राव असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. हा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. कोमट तेल आणि आगकाडी हे आपले पिढीजात उपाय तर कोणाच्याच कानासाठी नकोत. आणि एका कानाचे ऐकणे एका रात्रीत गेले, तर ती आणीबाणी मानावी. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झाले तर श्रवण परत येण्याची शक्यता असते; 'मळ असेल' म्हणत दोन आठवडे गेले की ती मावळते.

तपासणी सोपी आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम मळ व पडदा पाहतात. कित्येकदा नुसता मळ निघाल्यावर टीव्हीचा आवाज खाली येतो. त्यानंतर बंद खोलीत वेगवेगळ्या स्वरांचे हळू आवाज ऐकवून आलेख काढतात. अर्धा तास पुरतो, दुखत काही नाही. आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, कान-नाक-घसा विभाग आहे. पूर्वी क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली असतील किंवा मागावर काम केले असेल, तर तेथे आवर्जून सांगावे.

आलेखात श्रवणयंत्राची गरज दिसली, तर त्याजागी हेडफोनवर भागवू नये. हेडफोन गाणे ऐकवतील, नातवाशी बोलणे ऐकवणार नाहीत. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३००० रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे. श्रवणयंत्र त्यात येते. चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत याहून बरीच अधिक असते, पण सुरुवातीला हातभार लागतो. यंत्र कानामागे बसणारे असेल, तर त्यावर कान पूर्ण झाकणारे, खोल वाटीचे हेडफोनच चालतात. दाबून बसणारे घेतले की यंत्र शिट्टी घालते. म्हणून यंत्र बसवून घ्यायला जाताना घरातील हेडफोन बरोबर न्यावेत आणि तेथेच दोन्ही लावून पाहावेत.