महाविद्यालयीन तरुणांचे निनावी व्यासपीठ : मोकळीक आणि मर्यादा

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यास झेपेनासा झाला, जातीवरून टोमणे ऐकावे लागले किंवा घरच्या ओढाताणीमुळे शिक्षण सोडण्याचा विचार मनात आला, तर ते त्याने कोणाजवळ बोलावे? भर वर्गात ही व्यथा मांडता येत नाही. घरी सांगावे तर आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. प्रत्येक घटनेमागील कारणे वेगळी असली, तरी तरुणांना वेळीच बोलता येणे किती अगत्याचे आहे, याची जाणीव या आकड्याने होते. नाव न सांगता मन मोकळे करण्याच्या ज्या जागा समाजमाध्यमांवर निर्माण झाल्या आहेत, त्यांचा विचार म्हणूनच गांभीर्याने व्हावयास हवा.

परंपरा जुनीच

नाव झाकून लिहिणे महाराष्ट्राला नवे नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने शतपत्रे लिहिली. त्या वेळी ते अवघ्या पंचविशीत होते आणि सरकारी नोकरीत होते. स्वसमाजाच्या दोषांवर त्यांनी कठोर प्रहार केले. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पत्रलेखकाने टोपणनाव घेतले असले, तरी पत्राचे संपादक भाऊ महाजन हे सर्वांना ठाऊक होते. काय छापावे आणि काय छापू नये, याची जबाबदारी घेणारी व्यक्ती समाजासमोर उभी होती. महाविद्यालयांतील भित्तिपत्रकांनाही असाच एखादा प्राध्यापक-मार्गदर्शक असे.

आजची पद्धत

आज अनेक महाविद्यालयांच्या नावाने ‘कन्फेशन पेज’ चालविली जातात. विद्यार्थी भ्रमणध्वनीवरून एक अर्ज भरून मजकूर पाठवितो आणि पान चालविणारा तो नावाविना प्रसिद्ध करतो. परीक्षेची भीती, एकटेपणा, प्रेम, खानावळीतील निकृष्ट जेवण असे सर्व विषय तेथे येतात. आपल्यासारखेच आणखी कोणी आहे, हे कळल्याने वाचणाऱ्यालाही धीर येतो. परंतु पुष्कळदा पान चालविणाराही निनावीच असतो. तो बहुधा विद्यार्थीच असल्याने संपादनाचा त्याला अनुभव नसतो. परिणामी एखाद्या विद्यार्थिनीचे नाव घेऊन केलेली बदनामी क्षणात सर्वत्र पसरते आणि मजकूर काढून टाकला तरी त्याची छायाचित्रे हातोहात फिरत राहतात. लिहिणारा निनावी असला, तरी ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याचे नाव मात्र उघड होते. या व्यवस्थेतील खरी विषमता हीच होय.

अमेरिकेतील अनुभव

या संदर्भात ‘यिक याक’चा अनुभव बोलका आहे. दक्षिण कॅरोलायनातील फर्मन विद्यापीठात शिकलेल्या टायलर ड्रॉल व ब्रुक्स बफिंग्टन यांनी २०१३ मध्ये ही सेवा सुरू केली. काही मैलांच्या परिसरातील लोकांना परस्परांचे निनावी संदेश वाचता येत असल्याने महाविद्यालयांत ती झपाट्याने लोकप्रिय झाली. पुढे छळ आणि धमक्यांच्या तक्रारी वाढल्या. शाळांच्या आवारात ही सेवा चालू नये, अशी तजवीज कंपनीला करावी लागली. २०१६ मध्ये प्रत्येकाला टोपणनाव घेण्याची सक्ती झाली, तेव्हा अनेक वापरकर्ते नाराज झाले. अखेर २०१७ मध्ये ही सेवा बंद पडली व २०२१ मध्ये नव्या मालकांनी ती पुन्हा सुरू केली. देखरेखीविना मोकळीक टिकत नाही आणि आडोसा काढून घेतला तर बोलणारेच निघून जातात, असे दोन्ही बोध त्यातून मिळतात.

कायद्याची बाजू

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील अभिप्रायावरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले. केवळ कोणाला न रुचणारे बोलणे हा अपराध नव्हे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. तथापि बदनामी, धमकी वा अश्लील मजकूर यांना मुभा मिळालेली नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ अन्वये ओळख लपवून दिलेल्या धमकीस दोन वर्षांपर्यंतच्या अधिक कारावासाची तरतूद आहे. सहाध्यायांपासून लपलेले नाव तपास यंत्रणेपासून लपून राहीलच असे नाही, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

निनावी आणि गोपनीय

हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत मोठा भेद आहे. निनावी मजकुराचा लेखक कोणालाच ठाऊक नसल्याने त्याला मदत पोहोचविता येत नाही. गोपनीय तक्रारीत नाव ठरावीक जबाबदार व्यक्तींनाच कळते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार लेखी द्यावी लागते; मात्र तक्रारदार महिलेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. रॅगिंगविरुद्ध १८००-१८०-५५२२ हा विनाशुल्क दूरध्वनी, तर मानसिक ताणाच्या प्रसंगी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा उपलब्ध आहे. हे क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या दर्शनी भागी लावलेले असावेत.

निनावी पान बंद पाडणे सोपे आहे; पण त्यामुळे व्यथा बंद होत नाही, ती केवळ दुसरीकडे जाते. त्यापेक्षा विद्यार्थी व प्राध्यापक यांनी मिळून असे व्यासपीठ चालवावे, लेखकाचे नाव विचारू नये, कोणा व्यक्तीचे नाव छापू नये आणि आत्मघाताचा सूर आढळताच मदतीचा मार्ग त्याच ठिकाणी दाखवावा. तेथे वारंवार येणाऱ्या तक्रारींवर कोणती कार्यवाही झाली, हेही जाहीर करावे. गावातून प्रथमच उच्च शिक्षणासाठी शहरात गेलेल्या मुलामुलींची विचारपूस पंचायत सदस्यांनी आणि त्यांच्या जुन्या शिक्षकांनी आवर्जून केली, तर त्यांच्या मनावरील भार हलका होईल. आपले म्हणणे ऐकले जाते आणि त्याचा त्रास आपल्याला होत नाही, असा विश्वास निर्माण झाला, की तरुण आपल्या नावानिशी बोलू लागतील.