राखेसाठी बांधलेले बेट

सिंगापूरच्या सरकारी वसाहतींमधील उंच इमारतींत कचरा खाली सोडण्याची नळी असते. झाकण उघडून पिशवी सोडली, की कुटुंबाचा कचऱ्याशी संबंध संपतो. शासनाची विवंचना मात्र तेथूनच सुरू होते. सुमारे 735 चौरस किलोमीटर भूमी आणि साठ लाखांच्या घरातील लोकवस्ती. शहराबाहेर टाकावे म्हटले तर बाहेर समुद्र आहे.

पूर्वी दलदलीच्या जागी कचऱ्याचा भराव घालीत. वरवर पाहता ही पद्धत सर्वांत स्वस्त. परंतु व्यापारी दृष्टीने पाहिल्यास ती भांडवल मोडून खाणे आहे, कारण एकदा भरलेली जमीन दीर्घकाळ अडकून पडते. 1979 साली उलू पांदान येथे पहिली कचरा जाळण्याची भट्टी सुरू झाली. भट्टीत कचऱ्याचे आकारमान सुमारे 90 टक्क्यांनी घटते, उष्णतेवर वीज निर्माण होते आणि राखेतील लोखंड चुंबकाने वेचून विकता येते. मात्र धूर शुद्ध करणारी यंत्रणा महाग असते, आणि वीजविक्रीचे उत्पन्न खर्चाच्या मानाने बेताचेच. शिवाय कचरा कोरडा हवा. आपल्याकडील ओल्या, मिश्र कचऱ्यावर अशा भट्ट्या का अडखळतात, याचे कारण येथेच आहे.

भट्टीनंतरही राख उरतेच. ती ठेवण्यासाठी सेमाकाऊ व साकेंग या दोन बेटांलगतचा समुद्र सात किलोमीटर लांबीच्या दगडी बांधाने वेढण्यात आला. राखेचे पाणी समुद्रात झिरपू नये म्हणून बांधाला अभेद्य पडदा व चिकणमातीचा थर दिला आहे. या 350 हेक्टरांच्या कामास 61 कोटी सिंगापूर डॉलर खर्च आला. एप्रिल 1999 पासून तुआसहून झाकलेले तराफे राख घेऊन तेथे जातात. बांधकामात नष्ट झालेली खारफुटी पुन्हा लावण्यात आली व ती चांगली रुजली. तथापि ही जागाही 2035 च्या सुमारास भरेल, असा शासनाचाच अंदाज आहे.

मग पुनर्वापराचे काय? बांधकामाचा राडारोडा आणि धातू जवळजवळ सर्व परत वापरात येतात. त्यांना बाजारात भाव आहे. घरगुती कचऱ्यात हे प्रमाण जेमतेम 12 टक्क्यांच्या आसपास. एकाच निळ्या पेटीत कागद, काच, डबे सारे टाकले जाते, आणि कोणाच्या तरी उष्ट्या अन्नाने चांगली रद्दी वाया जाते. जुन्या काळी दारोदार फिरून रद्दी विकत घेणारा ‘करुंग गुनी’ हे काम अधिक नेटके करी. यातील ‘गुनी’ हा शब्द आपल्या गोणीच्याच कुळातला! वेगळे ठेवण्याबद्दल घरात चार पैसे येत असत, हे त्या व्यवस्थेचे बळ होते. नळीने ती सवय मोडली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

जुलै 2023 पासून मोठ्या सुपरमार्केटांत पिशवीमागे किमान पाच सेंट आकारले जातात. 2030 पर्यंत बेटावर जाणारा दरडोई दैनंदिन कचरा 30 टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्टही आहे. दरम्यान प्रक्रिया केलेली राख वाळूऐवजी वापरण्याचे प्रयोग चालू असून, तानाह मेराह कोस्ट रोडच्या एका भागाखाली ती घालून पाहण्यात आली आहे.