भुताचा सिनेमा आणि घरच्या लाह्या

आज विषय जरा वेगळा घेतला आहे : भुताचा सिनेमा, आणि तो पाहताना खायच्या लाह्या. कुणी म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे? आहे. थोडं ऐकून घ्या.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत आपण त्याला अहमदनगर म्हणत होतो) पूर्वी यात्रेच्या मैदानात सिनेमाचा तंबू लागायचा. एका पडद्यापुढं अख्खं गाव बसायचं. पडद्यावर पांढऱ्या साडीतली बाई आली की पोरगं आजीच्या पदरात शिरायचं, शेजारचा गडी हसायचा, आणि भीती सगळ्यांत वाटली जायची. आता सिनेमा फोनमध्ये आला. पोर गोधडीत एकटंच पाहतं, आणि मग रात्री अंगणात जायला नको म्हणतं. भीती तीच आहे, सोबत तेवढी गेली. ती सोबत परत आणायची, तर शनिवारी रात्री पडवीत किंवा शाळेच्या वर्गात चार घरांनी मिळून सिनेमा लावावा, आणि मधे लाह्यांची परात ठेवावी.

लाह्या आपल्याला नव्या नाहीत. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या घरोघरी असतात. पण लाही फुटते का, हे मुलांना विचारून पाहा. दाण्याच्या आत थोडं पाणी असतं. मक्याच्या दाण्यात ते शंभरात तेरा-चौदा भाग असलं म्हणजे बेताचं. कढई तापली की त्या पाण्याची वाफ होते, पण टणक साल तिला बाहेर पडू देत नाही. दाणा सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की साल हार खाते, आतलं मऊ झालेलं पीठ फुलून बाहेर येतं. तो फट् आवाज सालीचा नसून कोंडलेली वाफ एकदम सुटल्याचा असतो. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली हे दाखवून दिलं. साल तडकलेली असली तर वाफ आधीच निसटते आणि दाणा तसाच राहतो. त्यालाच आपण गणंग म्हणतो.

आता कृती. लाह्यांना बारीक, टणक दाण्याची ज्वारी घ्यावी. ती पाच-दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवून उपसावी, फडक्यात रात्रभर बांधावी, आणि सकाळी वरचं पाणी सुकू द्यावं. मग लोखंडी कढई चांगली तापवून एकेक मूठ टाकावी आणि फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहावं. मका असेल तर लाह्यांचाच मका हवा, कणसं भाजायचा चालत नाही. तो फार वाळला असेल तर बरणीत चमचाभर पाणी शिंपडून, झाकण लावून दोन दिवस ठेवावा. मका फोडताना कढईवर झाकण हवंच.

चव नेहमी गरम लाह्यांना लावावी. कोरड्या लाहीला चटणी चिकटत नाही, म्हणून आधी चमचाभर कोमट तेल फिरवावं. मग लसणाची कोरडी चटणी, कारळ्याची चटणी, नाहीतर हळद-मीठ. मीठ बारीक कुटलेलं असावं, नाहीतर ते परातीच्या तळाशी बसतं. गोड हवं तर गुळाचा पक्का पाक करावा. पातळ पाकानं लाही लगेच मऊ पडते.

एक इशारा द्यायलाच हवा. दचकलं की माणूस श्वास आत ओढतो, आणि तोंडात लाही असली तर ती श्वासनळीत जाऊ शकते. चार वर्षांखालच्या मुलांना लाह्या मुळीच देऊ नयेत. बाकीच्यांनी बसून, चावून खाव्यात.

सिनेमा कोणता लावावा? १९४९ चा ‘महल’, १९६२ चा ‘बीस साल बाद’, १९६४ चा ‘वो कौन थी?’ हे मोठ्या मुलांसोबत पाहण्यासारखे आहेत. तिन्हींत भुताच्या आड शेवटी माणूसच निघतो. २०१८ चा ‘तुंबाड’ मात्र फक्त प्रौढांनी पाहावा. त्यातला हस्तर सोन्याच्या राशीवर बसूनही पिठासाठी भुकेला असतो. धान्य पिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट लवकर कळते.

सिनेमा चालू असताना एक गंमत पाहा. पडद्यावर शांतता झाली की परातीतला हात आपोआप थांबतो. दिग्दर्शक वाफ कोंडत असतो, दुसरं काय! मग दार आपटतं आणि सगळे एकदम ओरडतात. गुरुजींनी नंतर तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा दाखवावा. निम्मी भीती कानातून आली होती, हे मुलांच्या लगेच ध्यानात येईल. मग दिवा लावावा आणि एकेकाला विचारावं, तू कुठं दचकलास? सांगितलं की भीती हलकी होते.

हे सगळं करमणुकीपुरतंच नाही. ज्या घरात भुताबद्दल मोकळेपणी बोलता येत नाही, तिथं आजारी सुनेला बाधा झाली म्हणून मांत्रिकाकडं नेतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि भीती घरात असते. पडद्यावरचं भूत कसं उभं करतात हे ज्या पोरानं एकदा पाहिलं, ते उद्या मांत्रिकाच्या धुरापुढंही दोन प्रश्न विचारील.

तेव्हा मंडळी, येत्या शनिवारी कढई चुलीवर चढवा. मनात कोंडलेली भीती हसण्याबोलण्यात फुटून जाऊ द्या. परातीच्या तळाशी चार गणंग उरतील, ते सकाळी कोंबड्यांना टाका.